ॲसिड पुन्हा सुरू केले की चेहऱ्याची पुन्हा आग होते: कारण कसे शोधावे आणि दुरुस्ती कशी करावी

या लेखात एकाच तक्रारीचा विचार केला आहे. ग्लायकोलिक, सॅलिसिलिक किंवा तत्सम ॲसिड चेहऱ्याला लावायला सुरुवात केली की पहिले दोन-तीन आठवडे त्वचा मऊ आणि उजळ दिसते. मग एके दिवशी साधे मॉइश्चरायझर लावतानाही चुणचुण सुरू होते, नाकपुड्यांच्या कडा लाल होतात आणि गाल ओढल्यासारखे वाटतात. आपण ॲसिड बंद करतो, आठवडाभरात चेहरा निवतो, आणि बरे वाटले म्हणून पुन्हा तीच बाटली उघडतो. दुसऱ्या वेळी तीच आग तीन आठवड्यांऐवजी तीन-चार दिवसांतच होते. तिसऱ्या वेळी आगीबरोबर गालावर काळपट डागही राहतात, म्हणजे जे डाग घालवण्यासाठी हा सगळा खटाटोप सुरू केला होता, तेच वाढलेले असतात. मी नाशिकला राहते आणि हा फेरा मी एका हिवाळ्यात तीनदा अनुभवला. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्यात थोडे रसायनशास्त्र, थोडी त्वचेची रचना आणि बराचसा त्या तीन फेऱ्यांचा हिशेब आहे.

प्रथम हे ठरवावे लागते की होणारी चुणचुण नेहमीची आहे की त्वचेला इजा झाल्याची खूण आहे. ॲसिड लावल्यावर मिनीट-दोन मिनिटे हलके टोचल्यासारखे वाटून ते आपोआप थांबले, तर त्यात सहसा काळजीचे कारण नसते. पण ज्या मॉइश्चरायझरमध्ये ॲसिड नाही, सुगंध नाही, आणि जे पूर्वी कधी टोचले नव्हते, ते लावताना चुणचुण होत असेल, किंवा घाम आल्यावर, गार पाण्याने तोंड धुतल्यावरही गाल झोंबत असतील, तर त्वचेचे वरचे संरक्षक आवरण विरळ झाले आहे असे समजावे. आणखी एक खूण फसवी असते. आवरण दुखावलेली त्वचा अनेकदा ताणलेल्या प्लॅस्टिकसारखी चकाकते आणि आरशात ती चकाकी तजेलदार दिसते. माझ्या पहिल्या फेऱ्यात शेजारणीने चेहऱ्याचे कौतुक केले त्याच आठवड्यात इजा सुरू झाली होती, हे मला नंतर तारखा जुळवल्यावर कळले. निरोगी तुकतुकीत त्वचा बोटाला मऊ आणि किंचित स्निग्ध लागते. ही चकाकी कोरडी असते आणि हसताना डोळ्यांखाली कागदासारख्या बारीक रेषा उमटतात.

असे का होते हे समजण्यासाठी ही ॲसिडे नेमके काय करतात ते पाहू. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात चपट्या मृत पेशी एकमेकींना सूक्ष्म प्रथिनबंधांनी धरून असतात आणि त्यांच्यामध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल व स्निग्धाम्ले यांचा लेप असतो. विटा आणि त्यांमधला गिलावा अशी ही रचना. ॲसिड विटांना धरून ठेवणारे बंध सैल करते, त्यामुळे जुन्या पेशी लवकर गळतात. यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुए यू या संशोधकांनी १९७४ साली, मासोळीच्या खवल्यांसारखी त्वचा होणाऱ्या विकारावर ग्लायकोलिक, लॅक्टिक यांसारख्या फळाम्लांचा उपयोग होतो हे दाखवले, आणि तिथून पुढे ही द्रव्ये सौंदर्यप्रसाधनांत आली. म्हणजे मुळात हा उपाय अतिशय जाड, खवलेदार त्वचेसाठी होता. ज्या चेहऱ्यावर जाड थर साचलेलाच नाही, तिथे तेच काम रोज रात्री करत राहिले तर विटा झडतात आणि मधला गिलावाही उघडा पडतो. मग पाणी आतून बाहेर उडून जाते आणि बाहेरचे प्रत्येक द्रव्य आत झोंबते.

आता बाटलीवरच्या टक्क्यांविषयी, कारण माझ्या दुसऱ्या फेऱ्याचे मूळ तिथे होते. पहिल्या वेळी त्रास झाला म्हणून मी उत्पादक बदलला, पण "१० टक्के ग्लायकोलिक" हेच वाचून घेतले आणि मात्रा तीच आहे असे मानले. वस्तुतः टक्क्यांवरून अर्धीच गोष्ट कळते. उरलेली अर्धी द्रवाच्या सामूवर, म्हणजे ज्याला आपण पीएच म्हणतो त्यावर अवलंबून असते. सामू जितका कमी तितके द्रव जास्त आम्लधर्मी. त्वचेच्या आत शिरून काम करते ते प्रामुख्याने मुक्त स्वरूपातले, म्हणजे क्षारात न बदललेले ॲसिड. सामू सुमारे ३.८ असेल तर ग्लायकोलिकचा निम्मा भाग मुक्त असतो, म्हणजे १० टक्क्यांपैकी ५ टक्के कामाचे. सामू ४.८ असेल तर जेमतेम दहावा हिस्सा, म्हणजे १ टक्क्याच्या आसपास. एकाच टक्केवारीच्या दोन बाटल्यांत पाचपट फरक पडतो तो असा. घरी वापरायच्या उत्पादनांत ग्लायकोलिक १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे आणि सामू ३.५ पेक्षा खाली नसावा, ही अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने घालून दिलेली मर्यादा आहे, आणि भारतीय त्वचेसाठी मी तिला वरची टोकाची मर्यादा मानते. ३० टक्क्यांची जी लालभडक द्रावणे आज घरपोच मिळतात, त्यांच्याबाबत माझे मत स्पष्ट आहे: ज्यांच्या चेहऱ्याची एकदा जरी आग झाली आहे, त्यांनी ती घरात आणूच नयेत.

रेणूच्या आकाराचाही भाग आहे. ग्लायकोलिकचा रेणू या कुटुंबात सर्वांत लहान, म्हणून तो भरकन आत शिरतो. लॅक्टिक थोडा मोठा, मँडेलिक ग्लायकोलिकच्या साधारण दुप्पट वजनाचा, आणि ग्लुकोनोलॅक्टोन त्याहून जड व संथ. सॅलिसिलिक तेलात विरघळते, त्यामुळे ते तेलकट रंध्रांत उतरते. ब्लॅकहेड्स आणि पुटकुळ्यांसाठी ते योग्य, पण कोरड्या गालांना त्याचा फारसा उपयोग नाही.

यानंतर मुख्य कामाकडे वळू, आणि ते म्हणजे मोजदाद. आपण "मी एकच ॲसिड वापरते" असे म्हणतो तेव्हा ते बहुधा खरे नसते. तिसऱ्या फेऱ्यानंतर मी न्हाणीघरातील आणि आरशापुढील सगळ्या बाटल्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि मागची यादी भिंग घेऊन वाचली. सकाळच्या फेसवॉशमध्ये सॅलिसिलिक ॲसिड होते. टोनरमध्ये ग्लायकोलिक होते, जरी पुढच्या बाजूला फक्त गुलाबाचे चित्र होते. रात्रीचे सीरम तर उघडच १० टक्क्यांचे होते. एका आड एक रात्री रेटिनॉल होते, जे ॲसिड नसले तरी पेशींची उलथापालथ वाढवते आणि सुरुवातीला त्वचा कोरडी पाडते. रविवारी मसूर डाळीचे जाडसर पीठ दह्यात कालवून चोळण्याची सवय लहानपणापासूनची. दह्यात लॅक्टिक ॲसिड आणि डाळीत खरखर, म्हणजे ती दुहेरी झीज. दर तीन आठवड्यांनी थ्रेडिंग होते आणि ते झाल्यावर कपाळावर तेच टोनर. एवढे सगळे एका चेहऱ्यावर चालू असताना मी दोष मात्र एकाच बाटलीला देत होते, आणि तीच एक बंद करून बाकी सगळे चालू ठेवत होते. फेरा तुटत नव्हता याचे हे पहिले कारण.

यादी वाचताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक, सॅलिसिलिक, मॅलिक, टार्टारिक, ग्लुकोनोलॅक्टोन आणि लॅक्टोबायोनिक ही नावे शोधावीत; त्याखेरीज विलो बार्क किंवा फळांचे अर्क असतील तर तेही टिपून ठेवावेत. सायट्रिक किंवा लॅक्टिक ॲसिड यादीच्या अगदी तळाशी असेल तर ते बहुतेक सामू जुळवण्यासाठी चिमूटभर घातलेले असते आणि ते मोजण्याचे कारण नाही. सोडियम लॅक्टेट, हायल्युरॉनिक ॲसिड आणि स्टिअरिक ॲसिड यांच्या नावांमुळे घाबरू नये: पहिली दोन ओलावा धरून ठेवतात, तिसरे क्रीमला घट्टपणा देते, आणि त्यांपैकी कोणीही पेशी सोलत नाही. साबणाचीही नोंद घ्यावी. त्वचेचा स्वतःचा सामू साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी असतो, तर नेहमीच्या अंगाच्या साबणाचा ९ ते १० असतो. रात्री आम्ल आणि सकाळी अल्कली असा रोजचा झटका आवरणाला सोसत नाही. लिंबाचा रस तर यादीतून कायमचा काढावा. त्याचा सामू २ ते २.५ इतका तीव्र असतो, त्याची मात्रा कोणी मोजत नाही, आणि तो लावून उन्हात गेल्यास काही वेळा भाजल्यासारखे चट्टे उठतात.

फेरा न तुटण्याचे दुसरे कारण घाईत आहे, आणि माझ्या मते ते पहिल्यापेक्षा मोठे आहे. ॲसिड थांबवल्यावर लाली चार-सहा दिवसांत जाते. डोळ्यांना चेहरा बरा दिसतो. परंतु दिसायला बरी झालेली त्वचा आतून पूर्ववत झालेली नसते; जळजळीतून उठलेली त्वचा त्यानंतर काही आठवडे नेहमीपेक्षा नाजूकच राहते. त्या अर्धवट भरलेल्या आवरणावर पूर्वीचीच मात्रा पडली की इजा आधीच्यापेक्षा लवकर होते, आणि म्हणून तीन आठवड्यांचे तीन दिवस होतात. मी आता लालीकडे पाहत नाही. साधे मॉइश्चरायझर लावताना आणि घाम आल्यावर अजिबात झोंबले नाही असे सलग १४ दिवस गेले पाहिजेत, आणि मोजणी मध्ये तुटली तर पुन्हा पहिल्यापासून, असा नियम मी स्वतःपुरता घालून घेतला आहे. मला यासाठी पहिल्या वेळी सव्वापाच आठवडे लागले.

या काळात चेहऱ्यावर तीनच गोष्टी असाव्यात. संध्याकाळी एकदा साबणविरहित सौम्य क्लेन्झर, सकाळी नुसते कोमट पाणी. ओलसर त्वचेवर सेरामाइड, ग्लिसरीन किंवा पेट्रोलेटम (म्हणजे पेट्रोलियम जेली) असलेले बिनवासाचे मॉइश्चरायझर. आणि दिवसा सनस्क्रीन. सनस्क्रीनही झोंबत असेल तर झिंक ऑक्साइडचे घ्यावे, ते तुलनेने शांत असते. घरातली वडीलधारी माणसे याच वेळी साय, हळद, ताजी कोरफड आणि खोबरेल सुचवतात. त्यांचे प्रेम खरे असते, पण दुखावलेल्या त्वचेवर प्रत्येक नवी वस्तू हा नवा प्रयोग ठरतो: कोरफडीच्या पानातला पिवळा चीक अनेकांना खाजतो, आणि खोबरेल तेलाने पुटकुळ्या येणाऱ्या चेहऱ्याची रंध्रे बुजण्याची शक्यता असते. आईला मी एवढेच सांगितले की महिनाभर थांब. तिने ऐकले.

ऋतूचा मुद्दा मला उशिरा सुचला. माझे तिन्ही फेरे कार्तिक ते माघ या काळात झाले होते आणि तेच सीरम मी आषाढात कुरकुर न होता वापरले होते. नाशिक, पुणे, नागपूर येथील थंडीत हवा कोरडी पडते. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्याला तीच अडचण वातानुकूलित कार्यालयात आठ तास बसल्यावर येते. दमट हवेत सहन होणारी मात्रा कोरड्या हवेत निम्म्यावर आणावी लागते. दरवर्षी ठरावीक महिन्यांत त्रास होत असेल तर बाटली बदलण्याआधी दिनदर्शिका पाहावी.

चौदा दिवस पुरे झाल्यावरची सुरुवात ही मागच्या टप्प्यापासून करायची नाही. ती शून्यापासून करायची. मी १० टक्के ग्लायकोलिक सोडले आणि ५ टक्के मँडेलिक घेतले. लॅक्टिक किंवा ग्लुकोनोलॅक्टोनही चालले असते. आधी जबड्याखाली नाण्याएवढ्या जागेवर सलग तीन रात्री लावून पाहिले. मग आठवड्यातून एकच रात्र, तीही चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, कारण ओल्या त्वचेतून ॲसिड जास्त शिरते. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि पापण्यांभोवती आधी पेट्रोलियम जेलीचे बोट फिरवावे. ॲसिड याच खोबणीत साचते आणि आग तिथूनच सुरू होते. पहिले दोन आठवडे पाच-दहा मिनिटांनी धुऊन टाकले तरी चालते. अशा चार रात्री निर्वेध गेल्यावरच आठवड्यातून दोनदा, आणि माझ्या मते बहुतेकांनी तिथेच थांबावे. रेटिनॉलची रात्र वेगळी, ॲसिडची वेगळी, आणि मधल्या रात्री फक्त मॉइश्चरायझर. थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा ब्लीच करायचे असेल तर आधीचे पाच-सात दिवस व नंतरचे तितकेच दिवस ॲसिड बंद ठेवावे. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी पार्लरमध्ये गर्दी असते तेव्हा हे विचारायला तिथे कुणाला वेळ नसतो, म्हणून आपणच सांगावे. एका वेळी एकच नवी वस्तू आणावी आणि वहीत तारीख लिहावी. वही नसेल तर पुढच्या फेऱ्यात पुन्हा अंदाजच बांधावे लागतील.

पुटकुळ्या वाढल्या तर काय समजावे, हा प्रश्न इथे हमखास येतो. नेहमीच्याच जागी, आगीशिवाय, पहिल्या चार ते सहा आठवड्यांत आलेल्या आणि लवकर बसणाऱ्या पुटकुळ्या असतील तर वाट पाहता येते. जिथे कधीच येत नव्हत्या अशा जागी, लालीसह आल्या तर ती इजा आहे. कपाळावर आणि केसांच्या कडेला एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुळ्या घामाच्या दिवसांत येत असतील तर तो यीस्टचा संसर्ग असू शकतो, आणि त्याचे औषध निराळे असते.

काळ्या डागांविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण गहूवर्णी आणि सावळ्या त्वचेत खरे नुकसान तिथेच होते. आपल्या त्वचेत जळजळ झाली की रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी चाळवतात आणि लाली गेल्यावर मागे तपकिरी छटा उरते, जी जायला काही महिने घेते. वांग असेल तर तो आणखी गडद होतो. शिवाय फळाम्लांमुळे त्वचा उन्हाला जास्त संवेदनशील होते आणि हा परिणाम वापर थांबवल्यावर आठवडाभरात ओसरतो. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये अशा प्रसाधनांवर उन्हाचा इशारा छापण्याची शिफारस केली. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढे सनस्क्रीन लागते, आणि बाहेर असल्यास दर दोन तासांनी पुन्हा. वांग असणाऱ्यांनी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन घ्यावे, कारण दृश्य प्रकाशानेही वांग वाढतो आणि साधे पारदर्शक सनस्क्रीन तो अडवत नाही. दुचाकीवर तोंडाला घट्ट ओढणी गुंडाळणाऱ्या मुलींना एक सूचना: ती सवय उन्हासाठी चांगली आहे, पण घामेजलेला कृत्रिम धाग्याचा कपडा गालावर तासभर घासला की ॲसिडने नाजूक झालेल्या त्वचेवर त्याच रेषेत डाग उठतात. मऊ सुती, सैल बांधलेली ओढणी घ्यावी. माझ्या डाव्या गालावरचा पट्टा याच कारणाने आला होता.

हे सगळे नीट पाळूनही दुसऱ्यांदा आग झाली, तर मात्रेचा प्रश्न संपला असे समजून दुसरीकडे पाहावे. आगीपेक्षा खाज जास्त असेल आणि पापण्या सुजत असतील तर सुगंध किंवा परिरक्षक द्रव्याची ॲलर्जी असू शकते. नाकाच्या बाजूंना, भुवयांत पिवळसर खपल्या धरत असतील तर तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे कोंड्याचाच भाऊ, आणि ॲसिडने तो चिडतो. पण आपल्याकडे सर्वांत आधी ज्याचा संशय घ्यावा ते कारण म्हणजे स्टेरॉइड असलेली क्रीम. माझ्या वहिनींना वांगासाठी म्हणून ओळखीतून एक ट्यूब मिळाली होती. त्यांनी ती दीड वर्ष लावली, कारण लावली की चेहरा उजळायचा आणि थांबवली की पेटायचा. त्यांना वाटत होते की त्रास फेसवॉशमधल्या ॲसिडचा आहे. ट्यूबवर मोमेटासोन लिहिलेले होते. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन ही तशीच आणखी नावे. ती बहुधा हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारे द्रव्य) आणि ट्रेटिनॉइन (रेटिनॉलच्याच कुटुंबातले औषध) यांच्या जोडीने येतात. दीर्घकाळ वापराने त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांना हा प्रकार इतका वारंवार दिसू लागला की त्यांनी स्टेरॉइडने बिघडलेल्या चेहऱ्याला स्वतंत्र नाव दिले, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडे असलेली मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत घातली. अशी ट्यूब घरात सापडली तर ती एकदम फेकून देऊन घरगुती उपाय करत बसू नये, कारण थांबवल्यावर चेहरा काही काळ जास्तच पेटतो. त्या काळात डॉक्टरांची देखरेख लागते.

पुढील परिस्थितीत तर घरची दुरुस्ती करूच नये: फोड येणे, पाणी सुटणे, डोळे सुजणे, आग रात्रभर न थांबणे. ॲसिड लावून लगेच भाजल्यासारखे झाले तर दहा-पंधरा मिनिटे वाहत्या गार पाण्याने चेहरा धुवावा आणि त्यावर खाण्याचा सोडा चोळू नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी सॅलिसिलिक टाळावे. गरोदरपणात किंवा मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असताना कोणतेही ॲसिड डॉक्टरांना विचारूनच वापरावे. आणि तज्ज्ञाकडे जाताना सगळ्या बाटल्या, ट्यूब, उटण्याची पुडी, साबणाचे वेष्टन हे सर्व एका पिशवीत घालून न्यावे, सोबत तारखांची वही आणि खिडकीच्या उजेडात काढलेले फोटो असावेत. वहिनींच्या बाबतीत निदान व्हायला पाच मिनिटेही लागली नाहीत, कारण पिशवीतली पहिलीच वस्तू ती ट्यूब होती.